मीटरमधला दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

गाडीच्या मीटरमध्ये एखादा दिवा लागला की लोक सहसा दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण 'चालतेय ना, मग चालू दे' म्हणत महिनोन्‌महिने तसेच फिरतात. काही जण घाबरून गॅरेज गाठतात, 'सेन्सर गेलाय' एवढं ऐकतात आणि मोठं बिल भरून घरी येतात. दोघांचाही समज एकच असतो की दिवा लागला म्हणजे अमुक भाग खराब झाला. दिवा भागाचं नाव सांगतच नाही. कुठल्यातरी स्विचला, सेन्सरला किंवा गाडीतल्या कॉम्प्युटरला जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, एवढंच तो सांगतो. का दिसलं नाही हे माणसानं शोधायचं असतं. हा शोध कसा घेतात ते गाडीमालकाला ढोबळमानानं तरी ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. त्यानं पैसे वाचतात आणि प्रसंगी जीवही वाचतो.

सुरुवात गाडी चालू करण्याआधीपासून करू. चावी ऑन करा, पण सेल्फ मारू नका. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबा, बहुतेक गाड्यांत दोनदा दाबावं लागतं. मीटरमधले बहुतेक इशारे एकदम उजळतात. दिवे शाबूत आहेत ना, याची ती तपासणी असते. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचे दिवे काही सेकंदांत विझतात. ऑइल, बॅटरी आणि इंजिनचे दिवे गाडी सुरू होईपर्यंत लागलेले राहतात, सुरू झाल्यावर लगेच जायला हवेत. एखादा दिवा या वेळी लागलाच नाही, तर ती चांगली खूण नव्हे. जुनी गाडी विकताना बिघाड लपवण्यासाठी एअरबॅगच्या किंवा इंजिनच्या दिव्याची जोडणीच काढून टाकल्याचे प्रकार होतात. म्हणून जुनी गाडी बघायला गेलात की आधी हे अर्धं मिनिट मीटरकडे बघण्यात घालवा.

रंगांचा अर्थ सगळीकडे सारखाच आहे. लाल म्हणजे धोका, शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबा. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे बिघाड नोंदला गेलाय, सवड काढून तपासा. हिरवा आणि निळा फक्त माहिती देतात. चिन्हंसुद्धा आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरलेली असल्यामुळे कंपनी बदलली तरी किटलीसारखं दिसणारं ऑइलचं चिन्ह तेच राहतं. आपल्याकडच्या नव्या गाड्यांत ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जी टिकटिक सुरू होते आणि १२० च्या पुढे अखंड वाजत राहते, ती बिघाडाची खूण नाही. १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या नियमामुळे ती आहे.

लाल दिवे

सगळ्यात जास्त नुकसान ऑइलच्या दिव्याकडे दुर्लक्ष केल्यानं होतं. हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. इंजिनच्या अंगावर एक छोटा स्विच असतो. ऑइलचा दाब अगदी खाली गेला की तो जोडला जातो आणि दिवा पेटतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत परिस्थिती हाताबाहेर चाललेली असते. क्रँक, म्हणजे इंजिनमधला फिरणारा दांडा, आणि त्याला आधार देणारी बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, तो टिकतो दाबामुळे. दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकतं. त्यामुळे चालत्या गाडीत हा दिवा लागला तर 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' असा विचार करू नये. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

त्यानंतर तपास सुरू होतो. गाडी सपाटीवर असू द्या, ऑइल खाली उतरायला पाच-दहा मिनिटं द्या, मग गेजची पट्टी काढून पुसा, परत घाला आणि पातळी बघा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडीखाली वाकून बघा. खराब रस्त्यावर दगड लागून चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, फुटणं हे आपल्याकडे नवीन नाही. चेंबर बाहेरून कोरडा असेल आणि तरीही ऑइल कमी असेल, तर इंजिन ऑइल खातंय. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल, तर स्विच खराब, पंप कमजोर किंवा बेअरिंग झिजलेली, अशा शक्यता उरतात. यांतला निवाडा अंदाजानं करता येत नाही. मेकॅनिक स्विच काढून त्याच जागी दाबाचं मीटर लावतो आणि खरा दाब मोजतो. न मोजता फक्त स्विच बदलून 'आता बघा चालवून' असं कोणी म्हणत असेल तर त्याला मान्यता देऊ नका. घाटात वळणांवर किंवा चढावर दिवा क्षणभर लुकलुकून जात असेल तर बहुतेक वेळा ऑइल कमी झालेलं असतं. वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. ही सूचना वेळेवर मिळालेली असते, तिचा उपयोग करून घ्या.

तापमानाच्या लाल दिव्याबद्दल आधी एक छोटी गोष्ट. बऱ्याच लहान गाड्यांत आता तापमानाचा काटा नसतो. सकाळी गार इंजिन असताना निळा दिवा, तो विझला की काहीच नाही, आणि एकदम लाल. मधली पायरी दिसतच नाही, म्हणून लाल दिसल्यावर ताणू नये. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात लावा. यानं इंजिनमधली थोडी उष्णता आत ओढली जाते. बाजूला जागा मिळाली की थांबून इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. झाकण व्यवस्थेत दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उकळून अंगावर येतं. कसारा किंवा आंबोलीच्या चढावर गरम झालेल्या गाडीपाशी उभं राहून फडक्यानं झाकण फिरवणारे लोक दिसतात. त्यांना थांबवावं. गरम इंजिनवर गार पाणी ओतणंही वाईटच, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

गाडी कधी गरम होते याचं निरीक्षण केलंत तर निम्मं निदान तुमचंच झालेलं असतं. ट्रॅफिकमध्ये गरम होते पण हायवेला ठीक असते? मग रेडिएटरचा पंखा, त्याची मोटर, रिले किंवा फ्यूज बघा, कारण वेगात असताना वारा पंख्याचं काम करत असतो. हायवेला किंवा चढावर गरम होते आणि गावात ठीक असते? मग रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट (पाण्याची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडणारा किंवा पाण्याचा पंप थकलेला असू शकतो. हीटर चालू असताना अचानक गार हवा यायला लागली तर कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी, संपत आलंय असा संशय घ्या. कूलंट पूर्ण संपलं तर सेन्सर पाण्यात न राहता हवेत लटकतो आणि काटा उलट खालीही येऊ शकतो. तेव्हा काटा उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका.

बॅटरीचा दिवा बहुतेक वेळा बॅटरीबद्दल नसतो. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, चार्जिंग करत नाही, असा त्याचा अर्थ. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट मिळतात, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमीजास्त करतो, तिथे एका आकड्यावर जाऊ नये. चालू गाडीत व्होल्टेज बारापासून हळूहळू खाली उतरत असेल, तर आधी फॅन बेल्ट बघा आणि मग अल्टरनेटर. बेल्ट शाबूत असेल तर एसी आणि म्युझिक बंद करून जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनपर्यंत जाता येतं, मधे इंजिन बंद करू नका. बेल्टच तुटला असेल आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल तर तापमान लगेच चढतं, तेव्हा मात्र थांबावंच लागतं.

ब्रेकचा लाल दिवा आधी हँडब्रेक उतरवून बघावा. तरीही राहिला तर ब्रेक ऑइलची डबी बघा. पॅड झिजत गेले की पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागची जागा ऑइलनं भरते आणि डबीतली पातळी उतरते. म्हणून नुसतं ऑइल ओतून दिवा घालवला की झिजलेले पॅड लपतात. नवे पॅड टाकल्यावर तेच ऑइल डबीतून बाहेर सांडतं. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहे, आणि गळती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रेकचा लाल आणि एबीएसचा पिवळा दिवा एकत्र लागले तर मागच्या चाकांना ब्रेक किती द्यायचा याचं नियंत्रणही गेलेलं असू शकतं, अशा वेळी गाडी ओढून न्यावी. एबीएसचा दिवा एकटा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर चाकं लॉक होऊ शकतात.

इंजिनचा पिवळा दिवा

या दिव्याचा जन्म प्रदूषणाच्या कायद्यातून झाला, हे कळलं की त्याच्या वागण्याचा उलगडा होतो. कॅलिफोर्नियानं १९८८ च्या मॉडेलपासून गाडीनं स्वतःची तपासणी स्वतः करावी अशी सक्ती केली. पुढे अमेरिकेत १९९६ पासून सर्व गाड्यांना एकाच प्रकारचं सॉकेट आणि बिघाड नोंदवणारे एकाच पद्धतीचे कोड आले, त्याला ओबीडी २ म्हणतात. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये बीएस ४ हे प्रदूषणाचं मानक आलं, तेही आधी फक्त १३ शहरांत. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. त्या गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीनं स्वतःच करायच्या तपासणीचा, पहिला टप्पा लागू झाला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. एप्रिल २०२० च्या बीएस ६ नंतर तपासणी आणखी कडक झाली. म्हणजे धूर मर्यादेबाहेर जाऊ शकेल अशा बिघाडासाठी हा दिवा आहे. क्लच, सस्पेन्शन, घासलेलं बेअरिंग यांची त्याला खबर नसते. दिवा बंद आहे म्हणून इंजिन उत्तम आहे, असं म्हणता येत नाही.

बहुतेक बिघाड सलग दोन फेऱ्यांत (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक फेरी) दिसल्याशिवाय कॉम्प्युटर दिवा लावत नाही. त्यामुळे एखाद्या दिवशी गाडी झटके देते आणि दिवा दुसऱ्या दिवशी उगवतो. दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर चार-दोन दिवसांत तपासून घ्या, वाटेत थांबायची गरज नाही. दिवा लुकलुकत असेल तर वेगळं. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये, गाडी मिसिंग करतेय, आणि ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर असलेल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. आतली सिरॅमिकची जाळी वितळली की खर्च मोठा होतो. ॲक्सिलरेटर सोडा, हळू जा, शक्य असेल तर थांबा.

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांपाशी १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की कोड वाचता येतो. फोनला ब्लूटूथनं जोडायचे छोटे स्कॅनरही मिळतात. इंजिनचे सामान्य कोड त्यांवर दिसतात, एबीएस आणि एअरबॅगचे बहुतेक वेळा दिसत नाहीत. कोडच्या सुरुवातीचं अक्षर विभाग सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक वगैरे, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. कोड म्हणजे पोलिसांत नोंदवलेली तक्रार. तक्रारीत ज्याचं नाव आलं तोच गुन्हेगार, असं धरून पार्ट बदलत गेलं की बिल वाढत जातं आणि दिवा परत येतो. कोडसोबत तो नोंदला गेला त्या क्षणाचे आकडेही साठवलेले असतात, म्हणजे वेग, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), इंजिनचं तापमान. पुसण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा.

तपास कसा चालतो ते एका कोडवर बघू. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. कारण ठिणगी पाडणारा प्लग असेल, त्याला वीज देणारी कॉइल असेल, इंधन फवारणारा इंजेक्टर असेल किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेलं असेल. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या गाडीत पहिल्याची कॉइल काढून दुसऱ्यावर लावायची, दुसऱ्याची पहिल्यावर, कोड पुसून गाडी चालवायची. आता पी ०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पी ०३०१ च परत आला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अशीच अदलाबदल करायची. तरीही तोच कोड आला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. यात एक रुपयाचाही नवा पार्ट लागत नाही. चारही कॉइल एकदम बदलायला निघालेल्या गॅरेजला एवढं करून बघायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सीएनजीच्या गाड्या आपल्या शहरांत खूप आहेत, त्यांच्यासाठी एक भर. सीएनजीला पेट घ्यायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. प्लगची फट वाढली की पेट्रोलवर गाडी ठीक चालते आणि सीएनजीवर मिसिंग करते. म्हणून स्विच दाबून दोन्ही इंधनांवर चालवून बघणं हीच पहिली चाचणी. फक्त सीएनजीवर त्रास असेल तर प्लग, कॉइल, सीएनजीचा फिल्टर आणि रेग्युलेटर यांच्याकडे वळा.

पी ०१७१ हा दुसरा नेहमीचा कोड. मिश्रणात हवा जास्त किंवा इंधन कमी. ऑक्सिजन सेन्सरनं ही गोष्ट कळवलेली असते आणि बहुतेकदा त्याचाच बळी जातो, तो बदलला जातो. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत स्कॅनरवर इंधनाची दुरुस्ती, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, ते बघावं. गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना ती खूप वाढलेली आणि अडीच हजार आरपीएमवर नेहमीसारखी, तर कुठलातरी रबरी पाइप फाटून चोरून हवा आत येतेय. उलट चढावर, ओझं पडल्यावर दुरुस्ती वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, पंप किंवा फिल्टर बघा. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय. तो आला तर कन्व्हर्टर बदलायचा सल्ला लगेच मिळतो. त्याआधी सायलेन्सरची गळती आणि जुनं मिसिंग तपासलं का, ते विचारा. मिसिंग तसंच ठेवून बसवलेला नवा कन्व्हर्टरही खराब होतो. आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिल्यानं दिवा लागतो, हा इंटरनेटवर सगळीकडे दिसणारा सल्ला मुळात अमेरिकेतल्या गाड्यांसाठी आहे. तिथे टाकीच्या वाफेची गळती तपासायची सक्ती आहे. आपले नियम युरोपच्या धर्तीवर असल्यामुळे बहुतेक गाड्यांत ती तपासणी नसते. झाकण घट्ट लावा, पण दिवा त्यानंच जाईल अशी आशा धरू नका.

एकदम सगळे दिवे

सकाळी गाडी सुरू केली आणि एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, इंजिन असे चार-पाच दिवे एकत्र लागले, तर चार-पाच भाग एका रात्रीत बिघडलेले नसतात. आधी व्होल्टेज मोजा. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जात असेल तर कॉम्प्युटर गोंधळतात आणि वाटेल ते कोड नोंदवतात. बॅटरी चांगली असेल तर टर्मिनल आणि अर्थिंगची तार बघा, कोकणच्या दमट हवेत ती गंजते. त्यानंतर उंदीर. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं वायरिंग कुरतडलं जाणं इतकं सर्रास आहे की बॉनेट उघडून लेंड्या आणि सोललेल्या तारा शोधणं हा तपासाचाच भाग समजावा.

एबीएसचा एक दिवा ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरू न देणारी यंत्रणा) आणि हिल होल्डचे (चढावर गाडी मागे येऊ न देणारी) दिवे सोबत घेऊन येतो, कारण तिघांना माहिती देणारे चाकांचे सेन्सर तेच असतात. कुठल्या चाकाचा वेग शून्य दिसतो ते स्कॅनरवर कळतं. चिखल अडकला असेल तर धुऊन भागतं. नुकतंच चाकाचं बेअरिंग बदललं असेल तर ते उलटं बसलं नाही ना ते बघा. काही बेअरिंगच्या एकाच बाजूला चुंबकीय पट्टी असते, ती सेन्सरकडे आली नाही तर सेन्सर आंधळा होतो. एअरबॅगचा दिवा सीट साफ केल्यावर लागला तर सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल झालेला असू शकतो, पण पिवळ्या कनेक्टरला घरी हात लावू नये, मल्टीमीटर तर अजिबात नाही. चावीचा किंवा कुलपाचा दिवा लागून गाडी सुरू होत नसेल तर रिमोट स्टार्टच्या बटणाजवळ टेकवून बघा, त्याचा सेल संपला असला तरी आतली चिप ओळखली जाते.

बीएस ६ डिझेल गाडीवाल्यांनी काजळी पकडणाऱ्या फिल्टरचा दिवा ओळखायला शिकावं. तो फिल्टर साठलेली काजळी साधारण ६०० अंशांना जाळून स्वतःला साफ करतो. ऑफिस-घर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तेवढी उष्णता तयारच होत नाही. दिवा लागला की हायवेवर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगात चालवा, बहुतेकदा जातो. गाडी थांबवल्यावर पंखा जोरात फिरत असेल आणि आरपीएम वाढलेले असतील तर सफाई चालू आहे, शक्यतो तेव्हा बंद करू नका. सफाई पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली की सफाईसाठी जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. गेजच्या पट्टीवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला.

गॅरेजमध्ये गाडी देताना 'दिवा लागलाय' एवढंच सांगू नका. कधी लागला, गार इंजिनवर की गरम, चढावर की सिग्नलला, पेट्रोल नुकतं भरलं होतं का, पाण्यातून गेली होती का, हे सांगा. बिलाआधी विचारा: कोड कोणता होता, हा भाग खराब हे कुठल्या चाचणीवरून ठरवलं, आणि जुना भाग परत मिळेल का. चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही. बॅटरीची तार काढून दिवा घालवणं म्हणजे दुरुस्ती नाही. त्यानं कोडसोबतचे आकडे पुसले जातात, गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात आणि काही दिवसांनी दिवा परत येतो. दुरुस्ती खरी झाली असेल तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, कोडची नोंद मात्र इंजिन साधारण ४० वेळा गरम होईपर्यंत आत राहते. थांबायचं नसेल तर फोटो काढलेल्या आकड्यांकडे परत जा. बिघाड ताशी ६० वर, गरम इंजिनवर, चढावर नोंदला गेला असेल, तर दुरुस्तीनंतर गाडी तशाच चढावर, तशाच वेगात, इंजिन गरम असताना चालवून बघायला मेकॅनिकला सांगा आणि शक्य असेल तर शेजारी बसा.